भाईच्या गाण्यातली रिकामी जागा

या सदरातले अनुभव मी वाचते, पण वाचताना मनातल्या मनात खोट काढत असते. इथे वारा असेल, तिथे मांजर असेल, याला ताप चढला असेल... मालवणात शाळेत शास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आमच्या भागात प्रत्येक पिंपळाला आणि प्रत्येक तळीला कोणी ना कोणी राखणदार असतो, हे ऐकतच मी मोठी झाले. पण मला कधी कोणी दिसलं नाही, आणि कधी दिसेल असं वाटलंही नाही. तरी हे लिहिते आहे, कारण जे झालं ते भरदुपारी झालं, चांगल्या शुद्धीवर असलेल्या चार माणसांत झालं, आणि त्या चौघांतली मी एकटीच आता उरले आहे.

गोष्ट माझ्या थोरल्या भावाची. नाव वसंत, पण मी त्याला भाई म्हणायची. आमचं माहेरचं घर आचऱ्याला. माडांची बाग, थोडी भातशेती, पडवीतून खाडी दिसायची. भाईचं मन शेतीत कधी नव्हतं. तो आणि खाडीपलीकडचा हसन, दोघं लहानपणापासून एकत्र. शाळेतून पळून जायचे एकत्र, मार खायचे एकत्र. पुढे दोघं गलबतावर गेले, तेही एकत्रच. मंगलोरहून कौलं भरायची, मुंबईला उतरवायची, असं ते काम. हसनच्या आईला आम्ही चाची म्हणायचो. ती विधवा, आणि हसन तिचा एकुलता एक. भाई अर्धा त्यांच्या घरीच वाढला म्हटलं तरी चालेल.

पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडाशी, शेवटच्या फेरीला त्यांचं गलबत वादळात सापडलं आणि फुटलं. भाई दुसऱ्या दिवशी मच्छीमारांना सापडला, मोडलेल्या डोलकाठीला धरून. हसन सापडला नाही. त्याची मातीही झाली नाही. भाईने घरी येऊन एवढंच सांगितलं की लाट आली आणि हसन गेला. चाचीलाही दुसऱ्याच कोणीतरी जाऊन तेवढंच सांगितलं.

त्यानंतर भाई खाडी ओलांडून कधी गेला नाही. आधी आम्हाला वाटलं, धक्का बसलाय, जाईल हळूहळू. मग वर्ष गेलं, दोन गेली. बाजारात चाची समोरून येताना दिसली की हा दुसऱ्या वाटेला वळायचा. माझं तोवर लग्न झालं, मी मालवणला आले. आई-वडील गेले. मीसुद्धा त्या घरी गेले नाही. काय बोलायचं, हा प्रश्न होता, आणि भाईच जात नाही तर आपण कशाला, ही सोयही होती. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

भाई एकटाच राहिला. लग्न नाही, गलबत नाही. बाग बघायचा आणि गाणी करायचा. हो, करायचा. शब्दही त्याचे आणि चालही त्याची. पूर्वी देवळातल्या भजनात त्याचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा. आता तो भजनाला बसायचा नाही. पडवीत सुंभ वळताना तोंडातल्या तोंडात गायचा, शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागेल इतकं हळू. कोणी आलं की गप्प. मी माहेरी गेले की स्वयंपाकघरातून चोरून ऐकायची. साधे शब्द असायचे. कोरड्या पडलेल्या विहिरीचं एक गाणं होतं. आमच्या आईच्या खोकल्यावर एक होतं, आणि ते ऐकताना हसूही यायचं आणि रडूही. पण सगळी कुठेतरी एकाच माणसाशी बोलल्यासारखी. कोणाशी, ते मी कधी विचारलं नाही.

आमचे हे जहाजावर वायरलेसवर होते. साठनंतरच्या एका सुट्टीत येताना त्यांनी एक टेपरेकॉर्डर आणला. मोठ्या चकत्यांचा, बॅटरीवर चालणारा, एका माणसाने उचलायचा म्हणजे खांदा दुखेल असा. आचऱ्याला तेव्हा वीज नव्हती, म्हणून बॅटरीचा आणला याचं यांना फार कौतुक. मी यांना भाईच्या गाण्यांचं सांगितलं होतं. हे म्हणाले, सगळी एका टेपवर भरून ठेवू. ग्रामोफोनच्या रेकॉर्डी निघतात तसा आपल्या घरचा एक संच.

भाई नकोच म्हणाला. मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाला, भरा.

रेकॉर्डिंग कुठे करायचं, यावर यांनी पुष्कळ डोकं चालवलं. पडवीत समुद्राची गाज, माजघरात पत्र्यावर कावळे. शेवटी भाताच्या कोठीची खोली ठरली. तिथे पोती होती, पेंढा होता, आवाज घुमायचा नाही. दाराला मी दोन गोधड्या लावल्या. आत भाई, वडिलांची भजनाची पेटी आणि माईक, बाकी काही नाही. तबला नाही, झांज नाही. हे कोपऱ्यात मशीनपाशी आणि मी दाराशी.

पहिल्या गाण्याला मशीनवरचा काटा हललाच नाही. हे म्हणाले, जरा मोठ्याने गा. भाई पेटीकडे बघत म्हणाला,

"मोठ्यान गायलंय तर ता खोटा वाटता, भावोजी."

मग यांनीच तोडगा काढला. माईक उचलून अगदी त्याच्या ओठांजवळ नेला. आणि काय सांगू... नंतर ती टेप लावली तेव्हा भाई आमच्या कानात गात होता. त्याचा श्वास, पेटीच्या भात्याची करकर, शब्दाआधी ओठ उघडल्याचा बारीक आवाज, सगळं. घरातल्या घरात इतकी वर्षं ऐकलं होतं, पण इतक्या जवळून मी माझ्या भावाला कधी ऐकलं नव्हतं. तो स्वतः मात्र पहिलंच गाणं ऐकून उठला आणि बागेत निघून गेला.

तीन-चार दुपारी आम्ही तिथे बसलो. शेवटचं गाणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्याने सांगितलं की ते आत्ताच केलंय, याच दिवसांत, भरायचं ठरल्यावर. त्याचं धृपद असं होतं:

काळोख पाण्याचो, उजेड खंय नाय
तुझो हात हातात, तूच हंय नाय

खंय म्हणजे कुठे, हंय म्हणजे इथे. दोन कडवी झाली, धृपद झालं, आणि मग तो थांबला. गाणं थांबलं, पेटी थांबली नाही. त्याने एकच सूर धरून ठेवला, बरोबर एका कडव्याइतका वेळ. मग पुन्हा धृपद घेतलं आणि संपवलं. यांना वाटलं तो विसरला, पुन्हा घेऊ म्हणाले. भाईने मान हलवली.

"थंय एक कडवा आसा," तो म्हणाला. "पण ता माका गावणा नाय."

गावत नाही म्हणजे सापडत नाही. सापडेल तेव्हा भरू, म्हणून ती जागा तशीच ठेवली.

या टेपचं काय करायचं, यावर दोघांचं थोडं वाजलं. यांना ती मुंबईत रेडिओवाल्यांना ऐकवायची होती. भाईने साफ नाही म्हटलं. टेप घरातच राहिली आणि घराबाहेर ती कोणी ऐकली नाही, हे मी खात्रीने सांगते. पण टेपरेकॉर्डरची बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. वसंताची गाणी मशीनमध्ये भरलीत, असं होता होता खाडीपलीकडेही गेलं. आणि एक दिवस आमच्या दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईबरोबर चाचीचा निरोप आला. वसूचा आवाज पेटीत भरलाय म्हणतात, मला ऐकायचाय. भाईला वसू म्हणणारी जगात ती एकटीच.

मी तो निरोप भाईला सांगितला तेव्हा तो जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही दोघं निघायला लागलो, तर त्याने मशीन उचलून खांद्यावर घेतलं आणि आमच्या पुढे चालायला लागला. होडीतही तो मशीन मांडीवर घेऊन बसला होता. पलीकडे उतरल्यावर म्हणाला की मी दारापर्यंत येईन, आत येणार नाही.

चाचीचं घर होतं तसंच होतं, फक्त लहान झाल्यासारखं. चाची ओसरीवरून आत, माजघरात बसली होती. समोर चिंचेचा ढीग, चिंचोके काढत होती. मला बघून तिने लांबून हात पुढे केला. इतक्या वर्षांनी आलीस, असं काही म्हणाली नाही. यांना पाट दिला, गूळ-पाणी दिलं. वसू कुठे आहे, असं विचारल्यावर मी बाहेर बोट दाखवलं. तो अंगणात फणसाखाली उभा होता, पाठ करून. चाचीने तिकडे बघितलं आणि पुन्हा चिंच हातात घेतली.

यांनी मशीन लावलं. चाची ऐकत होती, हात चालू होते. विहिरीच्या गाण्याला तिने मान डोलावली. आईच्या खोकल्याच्या गाण्याला हसली, माझ्या आईचं नाव घेऊन म्हणाली की अगदी तशीच खोकायची. मला हायसं वाटलं. आता होईल सगळं नीट, म्हातारीला बरं वाटेल, असं मनात येत होतं.

मग शेवटचं गाणं लागलं. धृपद, कडवं, धृपद, कडवं, धृपद... आणि ती रिकामी जागा आली. पेटीचा एक सूर. माजघरात बाकी काही आवाज नाही.

आणि चाची गायला लागली.

मान खाली, बोटं चिंचेत. काम करताना माणूस गुणगुणतो तसं. आपण गातोय हेही तिला ठाऊक नसावं. चाल तीच, लय तीच, पट्टी पेटीचीच.

बोटां मीच सोडलंय, तू सोडूक नाय
माझ्या घराक जा गड्या, आवशीक कोण नाय

तिची ओळ संपली आणि टेपमधून भाईचं धृपद उठलं. इतकं नेमकं, जणू दोघं शेजारी शेजारी बसून गात होते. यांचा हात मशीन बंद करायला पुढे गेला आणि तसाच राहिला. टेप संपून चकती फट फट वाजायला लागली, तरी ते तसेच बसले होते.

मीच विचारलं चाचीला की हे तुम्ही कुठे ऐकलंत. ती गोंधळली. तिचा प्रश्न उलटाच होता.

"ह्या माझा गाणा," ती म्हणाली. "तेका कसा म्हायत?"

मग तिने सांगितलं. हसन गेला त्या वर्षापासून या दोन ओळी तिच्या तोंडात येतात. तांदूळ धुताना, चूल पेटवताना. कोणी शिकवल्या नाहीत, कुठे ऐकल्या नाहीत. तिला वाटायचं दुःखाने आपलं डोकं फिरलंय, आपणच काहीतरी जुळवतो. दोनच ओळी, ना पुढे काही ना मागे. म्हणून तिने कधी कोणाला म्हणून दाखवल्या नाहीत. दुसऱ्या ओळीचं तिला नवल नव्हतं. आवशीला, म्हणजे आईला, कोणी नाही, हे तिला ठाऊकच होतं. बोटं मीच सोडली, तू सोडली नाहीस, या पहिलीचा अर्थ मात्र तिला कधी लागला नव्हता. मुलाला चालायला शिकवताना आपण बोट सोडतो, तसं काही असेल, असं ती समजून होती.

हे सांगता सांगता तिचं लक्ष दाराकडे गेलं. भाई उंबऱ्यात उभा होता. कधी आला ते आम्हाला कळलं नव्हतं. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही, आणि तो कसा होता ते मला लिहिता येत नाही.

चाचीने त्याला विचारलं, "कोणाची बोटां, वसू?"

"माझी, चाची," तो म्हणाला. "माझी आणि हसनची."

तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि त्याने सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकत होते. गलबत फुटताना हसनच्या खांद्यावर काहीतरी कोसळलं होतं, त्याचा एक हात निकामी झाला होता. भाईने एका हाताने डोलकाठी धरली होती आणि दुसऱ्याने हसनचा चांगला हात. किती वेळ, ते त्याला माहीत नाही. अंधार, लाटा, तोंडात पाणी. हसन मध्ये मध्ये काहीतरी बोलत होता, ते वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. आणि मग एका क्षणी भाईच्या मनात आलं की हात सोडला तर आपण वाचू. पुढच्या लाटेला हात रिकामा होता.

"मीच सोडलंय, चाची," तो म्हणाला. "तेणा नाय."

चाचीने हातातला चिंचोका बाजूला ठेवला, पदराला बोटं पुसली. मला भीती वाटत होती. ओरडेल, शाप देईल, निदान रडेल. ती बोलली तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

"बोटांचो माका राग नाय. पण इतकी वर्सां तू माझी पायरी चढूक नाय, तेचो राग माका आसा."

भाई तेव्हा रडला. हसन गेला तेव्हाही मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. चाचीने त्याला थोपटलं वगैरे नाही. थोड्या वेळाने उठून आत गेली, चहा टाकला आणि त्याच्या पुढ्यात कप ठेवला. तो त्याने घेतला.

परतताना होडीत मी त्याला म्हटलं की भाई, आता तरी मनातून काढ. हसनने स्वतः हात सोडला, तुला वाचवायला सोडला, हे त्यानेच कळवलंय की नाही? अशा शब्दांत मी बोलतेय याचं माझं मलाच आश्चर्य वाटत होतं. हे माझ्याकडे बघायला लागले. भाई पाण्याकडे बघत होता.

"पयली ओळ खोटी आसा, बाय," तो म्हणाला. "दुसरी खरी. हसन असोच. शाळेत आसल्यापासून माझी चूक तो आपल्या अंगार घेय."

त्या दिवसानंतर मात्र तो खाडीपलीकडे जायला लागला. पावसाआधी चाचीच्या घरावरची कौलं परतायची, लाकडं फोडून द्यायची, तिला ताप आला तर मालवणला डॉक्टरकडे न्यायचं. चाची शेवटपर्यंत त्याच्यावर अधूनमधून रागवायची. उशीर झाला, मीठ आणायला विसरलास, असं काहीही. तो ऐकून घ्यायचा. मला वाटतं, त्याला ते हवंच होतं. ती गेली तेव्हा तिच्या मोहल्ल्यातल्या लोकांनी त्याला मातीला बोलावलं आणि जनाज्याला खांदा द्यायला पुढे घेतलं.

यांनी पुढे पुष्कळ वर्षं या गोष्टीचा विचार केला. यांचं म्हणणं, किनाऱ्यावरच्या गाण्यांच्या चाली एकमेकींसारख्याच असतात. शब्द साधे, यमक ठरलेलं. 'नाय'ला 'नाय' जुळणं काही अवघड नाही. भाई आणि चाची दोघंही एकाच माणसासाठी झुरत होती, तेव्हा दोघांच्या डोक्यात एकच चाल येऊ शकते. मी हे सगळं मान्य करते. चालीचं मान्य करते, यमकाचंही करते. पण बोटांचं काय? भाईने ती गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. आम्हाला नाही, देवापुढेही नाही, असं तो म्हणाला. चाचीला अर्थही ठाऊक नव्हता, तरी ती ओळ वर्षानुवर्षं तिच्या तोंडात होती. आणि ते गाणं जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

मी भाईला एकदा विचारलं होतं की ते कडवं आता सापडलंय, तर गाणं पुन्हा पूर्ण भरायचं का. तो नाही म्हणाला. ती ओळ माझ्या तोंडून यायची नाही, एवढंच बोलला.

टेप माझ्याकडे आहे. ती आता चालेल की नाही माहीत नाही, चालवायला मशीनही उरलेलं नाही. त्या दोन ओळी चाचीपर्यंत कशा आल्या, ते मला सांगता येत नाही. पण त्यातली पहिली खरी असावी, असं मला आजही फार वाटतं. भाईसाठी वाटतं. तो मात्र शेवटच्या आजारातही नाहीच म्हणत होता.